मॅलरीचें घर

साहसी पुरुषांच्या चरित्रांत त्यांच्या घरास बहुधा दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाहीं. विवाह अमुक सालीं झाला, मुलें इतकीं झालीं, एवढें सांगून चरित्रकार पुन्हां आपल्या पर्वताकडे वळतो. जॉर्ज मॅलरी ह्या इंग्रज गिर्यारोहकाच्या बाबतींत ही रीति आम्हांस अन्यायाची वाटते. कारण त्याच्या आयुष्यांतील खरा पेंच घर आणि पर्वत ह्यांच्या मधोमध होता.

मॅलरीचा जन्म १८८६ सालीं चेशायर परगण्यांत एका पाद्र्याच्या घरीं झाला. लहानपणीं तो बापाच्याच देवळाच्या छपरावर चढून बसला होता, अशी गोष्ट सांगतात. उंच जागा दिसली कीं चढावें आणि पाणी दिसलें कीं उडी घ्यावी, हा त्याचा स्वभाव मोठेपणींही पालटला नाहीं. पुढें तो चार्टरहाउस शाळेंत शिक्षक झाला व २९ जुलै १९१४ रोजीं रूथ टर्नर हिच्याशीं त्याचा विवाह झाला. सहाच दिवसांनीं इंग्लंड महायुद्धांत उतरलें. क्लेअर, बेरिज व जॉन अशीं तीन मुलें ह्या जोडप्यास झालीं. युद्धांत तोफखान्यावर असतांना आणि नंतर हिमालयांतून तो रूथला नेमानें पत्रें लिही. त्या पत्रांत कड्यांच्या वर्णनाइतकीच घराची ओढ आहे.

१९२१ सालीं एव्हरेस्टची वाट शोधणाऱ्या पहिल्या मोहिमेंत तो होता. १९२२ सालीं तो दोघां सोबत्यांसह, प्राणवायूची मदत न घेतां, जवळजवळ २७,००० फुटांवर पोंचला. परंतु त्याच वर्षीं ७ जून रोजीं हिमलोट कोसळून मोहिमेचे सात हमाल मृत्यु पावले. मॅलरी बचावला, आणि ह्या अनर्थाचा दोष त्यानें रूथला लिहितांना स्वतःकडे घेतला. तीं सात माणसेंही कोणाच्या तरी घरचीं होतीं. जगानें मात्र त्यांचीं नांवें मॅलरीच्या नांवासारखीं जपलीं नाहींत.

१९२४ सालच्या मोहिमेसाठीं पुन्हां बोलावणें आलें, तेव्हां केंब्रिज येथें त्यास नवी नोकरी लागून घर नुकतेंच बसत होतें. जावें कीं न जावें, ह्या विचारानें त्याच्या मनाची ओढाताण झाली. शेवटीं तो गेला. ८ जून रोजीं बावीस वर्षांचा अर्व्हिन व तो शिखराच्या रोखानें निघाले. ढग क्षणभर विरळ झाले असतां खालून ओडेल ह्या सोबत्यास ते वर सरकतांना दिसले. त्यानंतर ते परतले नाहींत. मॅलरीचें वय तेव्हां सदतीस होतें आणि धाकटा जॉन पुरता चार वर्षांचाही नव्हता.

ते शिखरावर पोंचले होते काय, हा वाद शंभर वर्षें चालला आहे. १ मे १९९९ रोजीं मॅलरीचा देह सांपडला. खिशांत पत्रें होतीं. पण रूथचें चित्र नव्हतें. तें शिखरावर ठेवण्याचा त्याचा मनोदय होता, असें मुलगी क्लेअर सांगे. त्यावरून कित्येक त्याच्या बाजूनें निकाल देतात. आम्ही त्या वादांत पडत नाहीं. पत्नीचें चित्र शिखरावर नेऊं पाहणाऱ्या माणसास घराची पर्वा नव्हती असें म्हणवत नाहीं; आणि त्या पर्वेनें घर सांवरलें असेंही म्हणवत नाहीं. रूथनें तीन मुलें वाढविलीं. क्लेअरचा पतीही १९४७ सालीं कडा चढतांना अपघातांत गेला, आणि तिनेंही आपले तीन मुलगे एकटीनें वाढविले.

१९९५ सालीं जॉनचा मुलगा, आजोबांचेंच नांव धारण करणारा जॉर्ज, एव्हरेस्टवर चढला. आजाआजींचें चित्र त्यानें शिखरावर ठेविलें आणि तो उतरून घरीं गेला. आजोबांचें राहिलेलें काम नातवानें पुरें केलें, असें लोक म्हणतात. तें खरें आहे. मात्र त्या कामाचा अधिक अवघड भाग, आमच्या मतें, खालीं उतरण्याचा होता.