‘इको’ म्हणजे काय? एका शब्दाची आणि एका तपासणीची गोष्ट

‘हृदयाचा इको करून घ्या,’ असं चिठ्ठीवर लिहिलं की आपल्या डहाणू-तलासरी भागातल्या रुग्णांचे प्रश्न ठरलेले असतात. ‘म्हणजे ईसीजीच ना?’ ‘त्याची किरणं बाधतात का?’ ‘त्यासाठी गाडीभाडं खर्चून वापीपर्यंत जायलाच हवं का?’ पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर त्या शब्दातच आहे, आणि तिसऱ्याचं त्याच्या इतिहासात.

शब्द कुठला?

‘इको’ मूळचा ग्रीक. ग्रीक पुराणकथेत या नावाची एक वनदेवी आहे. तिला शाप मिळतो की, दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे तिने परत उच्चारायचे. आपल्याकडे यासाठी ‘पडसाद’ हा सुंदर शब्द आहे. संस्कृतातला ‘प्रतिशब्द’ प्राकृतात ‘पडिसद्द’ झाला आणि मराठीत ‘पडसाद’. शाळेच्या पुस्तकात आपण त्यालाच ‘प्रतिध्वनी’ म्हणतो. वर्तमानपत्रात निकालाचे, मोर्चाचे पडसाद उमटतात. पण मूळ अर्थ साधा आहे, आपली साद कुठेतरी आपटून परत येणं.

पडसादाने अंतर मोजता येतं

हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. डोंगराच्या कड्यासमोर हाक मारली आणि ती एका सेकंदाने परत आली, तर कडा 170 मीटरवर आहे. मासेमारी बोटीवरचं मासे शोधणारं यंत्र हेच करतं: पाण्यात आवाज सोडतं आणि तळावरून किंवा माशांच्या थव्यावरून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. पहिल्या महायुद्धात फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी हे तंत्र विकसित केलं. पुढे कारखान्यांत धातूच्या आतली चीर शोधायलाही ते वापरलं जाऊ लागलं.

जहाजाच्या गोदीतून हृदयाकडे

स्वीडनमधल्या लुंड गावी इंगे एडलर नावाचे हृदयतज्ज्ञ होते. हृदयाची डावी झडप (मायट्रल) आकसलेल्या रुग्णांवर तेव्हा नव्यानेच शस्त्रक्रिया सुरू झाली होती. पण नेमकी कोणाची झडप किती बिघडली आहे, हे छाती न उघडता कळणं कठीण होतं. एडलर यांनी हेल्मुट हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाला गाठलं. हर्ट्झनी माल्मो इथल्या जहाजबांधणी गोदीतलं धातू तपासायचं यंत्र वापरून पाहिलं आणि 29 ऑक्टोबर 1953 रोजी दोघांनी हृदयाच्या हालचालीचे पडसाद पहिल्यांदा नोंदवले. सुरुवातीला फक्त नागमोडी रेषा दिसत. हलतं चित्र दाखवणारा ‘टू-डी इको’ 1970च्या दशकात रूढ झाला.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

ईसीजी हृदयातली वीज नोंदवतो. इको आवाजाच्या लहरी आत पाठवून परत आलेल्या लहरींचं चित्र बनवतो. हा आवाज कानाला ऐकू येत नाही, सेकंदाला वीस लाखांहून जास्त कंपनांचा असतो. पोटाची सोनोग्राफीही याच तत्त्वावर चालते. यात एक्स-रे नसतो, म्हणून गरोदर बाईचाही इको करता येतो.

एक मर्यादा लक्षात ठेवा. झडपा कशा आहेत, हृदय किती जोराने रक्त ढकलतं, हे इको दाखवतो. पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांमधला अडथळा थेट दाखवत नाही. त्यामुळे इको नॉर्मल असूनही चालताना छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

आता तिसरा प्रश्न. ज्या आजारासाठी एडलर धडपडले, तो ऱ्हुमॅटिक हृदयरोग आपल्या देशातून अजून गेलेला नाही. लहानपणी घसा दुखून ताप येतो, काही आठवड्यांनी सांधे सुजतात, आणि झडपेचं दुखणं मात्र कैक वर्षांनी कळतं. बाईला कित्येकदा पहिली धाप बाळंतपणात लागते. वेळेवर कळलं तर ठरावीक दिवसांनी दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनने पुढचं नुकसान रोखता येतं.

म्हणून चढ चढताना किंवा उताणं झोपल्यावर धाप लागत असेल, आणि डॉक्टरांनी ‘इको’ लिहिला असेल, तर ती खेप टाळू नका. जुने रिपोर्ट सोबत न्या, आणि लहानपणी सांधे सुजले होते का, ते घरच्या मोठ्यांना विचारून जा.