संगणकाच्या पानाची उलट बाजू

निगडीचा इतिहास म्हटला की १९७२ साली स्थापन झालेले प्राधिकरण आणि भोवतालचे कारखाने यांची हकीकत कोणीतरी सांगतेच. यंदा मी एका निराळ्या कारागिरीची हकीकत सांगणार आहे. संगणकावर आपण जी पाने पाहतो, त्यांचा दर्शनी भाग घडविण्याची ही विद्या. आपल्या वाचनालयाची पुस्तकांची यादी हल्ली फोनवर दिसते. ती करताना मला ही विद्या थोडीफार शिकावी लागली, म्हणून हा उपद्व्याप.

या विद्येचे वय फार नाही. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत वेब निर्माण केले व १९९१ साली ते बाहेरच्या जगाला खुले झाले. मथळा कोणता, परिच्छेद कोणता, हे सांगणारी खुणांची भाषा म्हणजे एचटीएमएल. रंग, समास, अक्षरांचा आकार ठरविणारी सीएसएस १९९६ साली प्रमाण मानली गेली. बटण दाबल्यावर काय घडावे हे सांगणारी जावास्क्रिप्ट ब्रेंडन आईक यांनी १९९५ च्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत लिहिली. (घाईचेच काम ते, तिचे काही विक्षिप्त स्वभाव शिकणाऱ्यास अजून छळतात.) आपल्या देशात सर्वसामान्यांस इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

तेव्हा शिकविणारे वर्ग कोठून असणार? परंतु एक मोठी सोय होती. शेजारणीच्या भरतकामाची उलट बाजू पाहून टाका उमगावा, तसे कोणाच्याही पानामागचे लिखाण उघडून वाचता येई; आजही येते. कित्येकजण असेच शिकले. १९९६ साली अमेरिकेतून 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा दूरच्या संगणकावर देवनागरी अक्षर नीट उमटेलच, असा भरवसा नव्हता. युनिकोड सर्वत्र रुजल्यावर ती अडचण सरली.

वर्ग पुढे आले. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटीमुळे घरोघरच्या बायकांचा हात प्रथमच माऊसवर पडला. मीही त्यांतलीच. पुष्कळ वर्षांनी एका खाजगी वर्गात पाने घडविणे शिकले. फळ्यावरचे टंकून काढावयाचे, परीक्षा द्यावयाची. प्रमाणपत्र मिळाले, पण घरी कोऱ्या पडद्यापुढे बसले तेव्हा पहिली ओळही सुचेना. त्या रात्री मला रडू आले, हे येथे लिहिण्यास हरकत नाही.

मग वाचनालयाची यादी हाती घेतली. संगणकावर ती सुरेख दिसली. भगिनींच्या फोनवर मात्र अक्षरे मुंगीएवढी! वास्तविक पडद्याच्या मापाप्रमाणे पान वळविण्याची रीत ईथन मार्कोट यांनी २०१० सालीच मांडली होती. वर्गात तिचा उच्चारही झाला नव्हता. तीन संध्याकाळी शोधल्यावर कळले की, पानाची रुंदी फोनच्या पडद्याएवढी धर, असे सांगणारी एकच ओळ माझ्या पानात नव्हती. ती घातली, आणि अक्षरे वाचता येऊ लागली. वर्गाने मला शब्द दिले, हे खरेच. पण ती ओळ मी आता जन्मात विसरणार नाही.

सध्या शेजारची एक सून मंडळाच्या पाककृतींचे पान करीत आहे. तिची पुरणपोळीची कृती फोनवर निम्मीच दिसते. कारण मलाही अजून सापडलेले नाही; गुरुवारी दुपारी आम्ही दोघी पुन्हा बसणार आहोत.