उपप्रश्न

या वीकेंडला थोडा इतिहास. सनावळ्यांचा नाही, आपल्या डोळ्यांदेखत घडलेला. नेत्याने इंटरनेटवर यायचं आणि थेट जनतेचे प्रश्न घ्यायचे, हे आता इतकं सवयीचं झालंय की कधीकाळी त्याचं अप्रूप होतं हेही आठवत नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये बिल क्लिंटन जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून ऑनलाइन गप्पांना बसले, तेव्हा पदावरचा अमेरिकन अध्यक्ष पहिल्यांदाच असं करतोय म्हणून बातम्या झाल्या होत्या. डायल-अपचा जमाना. पण तिथे सूत्रसंचालक होता, म्हणजे प्रश्न चाळणारा माणूस मध्ये होताच. तेव्हा ते सोडून देऊ.

खरी गंमत सुरू झाली २००८ च्या डिसेंबरात. ओबामा निवडून आले होते, शपथ व्हायची होती. त्यांच्या टीमने साइटवर जाहीर केलं की प्रश्न तुम्ही विचारा आणि कुठला महत्त्वाचा तेही तुम्हीच मतं देऊन ठरवा. वापरलेलं टूल होतं गूगल मॉडरेटर. हे मूळचं गूगलच्या आतलं. मोठ्या टेक-टॉकला शे-दोनशे इंजिनिअर बसलेत, वेळ दहा मिनिटं, मग वक्त्याला विचारायचं काय? तर सगळ्यांनी प्रश्न टाकायचे, सगळ्यांनी मतं द्यायची, वर येतील ते विचारायचे. आपल्या जमातीला शोभेल असाच उपाय! निवडणारा माणूस काढून टाका, सॉर्ट लावा.

सॉर्ट लावल्यावर सगळ्यात वर काय आलं? गांजा. तो कायदेशीर करून त्यावर कर लावण्याचा विचार करणार का, असा प्रश्न. टीमचं उत्तर एका वाक्याचं होतं: ओबामा गांजा कायदेशीर करण्याच्या बाजूचे नाहीत. संपलं.

२६ मार्च २००९ ला हाच प्रयोग व्हाइट हाउसमध्ये झाला, आता अध्यक्ष म्हणून. सुमारे ९३ हजार लोकांनी एक लाखाच्या वर प्रश्न टाकले आणि ३६ लाख मतं दिली. पुन्हा गांजा वर. ओबामांनी स्वतःच हा विषय काढला, ऑनलाइन जनतेबद्दल यावरून काय समजावं कोण जाणे, अशा अर्थाचा विनोद केला, हॉलमधले लोक हसले, आणि उत्तर ‘नाही’.

आता इथे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. गांजाच्या बाजूच्या संघटनांनी आपापल्या लोकांना ‘जा आणि मतं द्या’ म्हणून सांगितलं होतं, म्हणजे तो कौल काही देशाचा नमुना नव्हता. पण त्याच वर्षी अमेरिकेत गांजावरून आठ लाखांहून जास्त अटका झाल्या, हेही खरं. त्यातल्या बहुतेक नुसता जवळ बाळगल्याबद्दल. ज्याच्या भावाला किंवा मुलाला पोलिसांनी उचललंय, त्याला तो विनोद कसा वाटला असेल? (पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये गांजा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्यांना केंद्रीय कायद्याखाली माफी दिली ती बायडन यांनी. २००९ मध्ये ते उपाध्यक्ष होते.)

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. जानेवारी २००९ च्या फेरीत पहिला आलेला प्रश्न चांगला गंभीर होता: बुश सरकारच्या काळातल्या छळाच्या आणि वॉरंटशिवाय फोन ऐकण्याच्या आरोपांसाठी विशेष अभियोक्ता नेमणार का? यावर कुणी हसण्याची शक्यता नव्हती. पण ओबामांच्या तोंडून उत्तर कधी आलं? एबीसी वाहिनीवर जॉर्ज स्टेफनोपोलस यांनी मुलाखतीत तोच प्रश्न वाचून दाखवला तेव्हा. मागे बघण्यापेक्षा पुढे बघायला हवं, असा त्या उत्तराचा रोख. पत्रकाराला मधून काढायला निघालेला प्रश्न शेवटी पत्रकाराच्याच खांद्यावर बसून पोचला म्हणायचा.

जरा आडवळण घेतो, कारण राहवत नाही. मतांनी क्रम लावणं वाटतं तेवढं सोपं नाही. पसंतीतून नापसंती वजा केली तर जो प्रश्न पहाटे सगळ्यात आधी टाकला गेला तो वर चिकटून बसतो; वर आहे म्हणून दिसतो, दिसतो म्हणून मतं मिळतात. टक्केवारी घ्यावी, तर एकच मत आणि तेही पसंतीचं असलेला प्रश्न शंभर टक्के घेऊन पहिला! रेडिटने २००९ च्या ऑक्टोबरात यावर विल्सन यांचं १९२७ चं सूत्र लावलं, आणि तिथल्या लोकांना ते समजावून सांगितलं एक्सकेसीडीवाल्या रँडल मन्रो यांनी. मतं थोडी असतील तर विश्वास थोडा, असा त्याचा मथितार्थ. फार सुंदर कल्पना आहे. पण तिने सुटतो तो प्रश्न ‘कुठला प्रश्न विचारायचा’ एवढाच. उत्तर आल्यावर काय, हे कुठल्याच सॉर्टमध्ये नाही.

आपल्या संसदेत यासाठी एक साधी सोय आहे. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं, विषय मिटला. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न घ्यायचे. तारांकनाची सगळी किंमत त्या उपप्रश्नांत आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सचिवांनी लिहून दिलेलं असतं. दुसऱ्याला मंत्री एकटा असतो. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या कंपन्यांत पैसे घातल्याचं प्रकरण लोकसभेतल्या प्रश्नापासून सुरू झालं, फिरोज गांधींनी ते लावून धरलं, आणि न्यायमूर्ती छागलांच्या चौकशीनंतर अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं. एका प्रश्नात उत्तर घेऊन सगळे घरी गेले असते तर?

या हिशेबाने २९ ऑगस्ट २०१२ चा ओबामांचा रेडिटवरचा गाजलेला अर्धा तास मला अतारांकितच वाटतो. शार्लट्सव्हिलला प्रचारसभेला गेले असताना ते लॅपटॉप घेऊन बसले, साइट गर्दीने आडवी झाली, आणि हजारो प्रश्नांतून त्यांनी दहांना उत्तरं दिली. व्हाइट हाउसच्या बिअरची रेसिपी लवकरच देऊ, हे त्यातलंच एक (आणि दिलीही, चार दिवसांत!). निवडणुकीतल्या पैशाबद्दलचं उत्तर मात्र दखल घेण्यासारखं होतं; सर्वोच्च न्यायालयाचा सिटिझन्स युनायटेड निकाल उलटवण्यासाठी घटनादुरुस्तीचा गंभीरपणे विचार व्हावा, असं त्यांनी लिहिलं. पण दहा कुठले घ्यायचे ते त्यांच्याच हातात होतं.

दोनच दिवसांनी, ३१ ऑगस्टला, गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी गूगल हँगआउटवर आले, सूत्रसंचालक अजय देवगण. तिथेही गर्दीने सिस्टिम अडली आणि कार्यक्रम उशिरा सुरू झाला. साचा एव्हाना तयार झाला होता.

त्याच वर्षी, ३० जानेवारीला, साचा एकदाच मोडला होता, आणि तो प्रसंग तुम्हाआम्हाला चांगलाच जवळचा आहे. ओबामांचं हँगआउट होतं. सव्वा लाखाहून जास्त प्रश्न आले होते, पण व्हिडिओवर मोजकी माणसं समोरासमोर होती. त्यात टेक्सासची एक बाई. नवरा सेमीकंडक्टर इंजिनिअर, तीन वर्षं पक्की नोकरी नाही. तिने विचारलं, माझ्या नवऱ्यासारखे इतके लोक घरी बसलेले असताना सरकार एच-वन-बी व्हिसा देतंच का राहतं?

म्हणजे आपल्यावरच प्रश्न! पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सोसायटीत तो व्हिसा मिळालेलं एक तरी घर असतं. तिचा राग चुकीच्या जागी आहे असं मला वाटतं, पण तिचा प्रश्न अगदी योग्य होता.

ओबामा म्हणाले, उद्योगवाले तर मला सांगतात की अशा इंजिनिअरांचा तुटवडा आहे; नवऱ्याचा रेझ्युमे पाठवा, मी बघतो. शिवाय त्या क्षेत्रात माणूस मिळत नाही असं सांगणाऱ्या कंपन्यांसाठीच हा व्हिसा असावा, असंही. लेखी उत्तर असतं तर इथे पूर्णविराम पडला असता. पण ती समोर होती. ती मध्येच बोलली: तुम्हाला जे सांगितलं जातं आणि आम्हाला जे दिसतं त्यात मेळ नाही.

देशभर बातमी झाली ती रेझ्युमेची. कायद्याकडे फार कमी जणांनी पाहिलं. ज्यांचा व्हिसा झालाय त्यांना हे माहीत असतं: कंपनीला श्रम खात्याकडे अर्ज करून त्या भागातल्या चालू दरापेक्षा कमी पगार देणार नाही वगैरे लिहून द्यावं लागतं. स्थानिक माणूस शोधला आणि मिळाला नाही, हे दाखवणं साध्या एच-वन-बीसाठी लागत नाही. ते लागतं मुख्यतः ज्यांच्याकडे असे कर्मचारी खूप जास्त प्रमाणात आहेत अशा कंपन्यांना, आणि त्यांनाही सवलती आहेत. बहुतेकांना ते करावं लागतं ग्रीन कार्डाच्या वेळी. म्हणजे अध्यक्ष सांगत होते तो व्हिसा कायद्यात तसा नव्हताच. हा तिसरा प्रश्न झाला असता. तोवर सूत्रसंचालकाने पुढच्या माणसाला बोलावलं होतं.