सोमवारची छाती

गिरण्यांच्या इतिहासात यंत्रांची नोंद सापडते, त्यांच्यापाशी खोकणाऱ्यांची क्वचितच. मँचेस्टरच्या जेम्स के या डॉक्टराने सूत कातणाऱ्यांच्या छातीच्या विकाराचे वर्णन १८३१ सालीच केले होते. तरी ब्रिटनमध्ये भरपाईची योजना आली ती १९४१ साली. तीही कार्डिंग खात्यात वीस वर्षे राबून कायमचे निकामी झालेल्या पुरुषांपुरती!

'कामगार विड्या ओढतात, म्हणून खोकतात,' हे मालकपक्षाचे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. त्यात अर्धे सत्य आहे. धुराने कफ वाढतो, फुफ्फुसाचे बळ घटते. कापसाच्या धुळीत तर अधिकच. परंतु विडी रविवारीही ओढली जाते. मग छाती सोमवारीच का आवळते?

१९५० नंतरच्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरमध्ये हाच सोमवार धरून कामगारांच्या तक्रारी तपासल्या. पाळीच्या आधी व नंतर श्वासाचा जोर मोजला, तो घटलेला आढळला. दम्यासारख्या या विकारास बिसिनोसिस म्हणतात.

विडी आम्ही सोडली पाहिजे, हे खरे. पण खात्यातील धूळ कामगाराने ओढून आणलेली नसते. ती आवरणे मालकाचेच काम.