तोडणीच्या चिठ्ठीपासून वजनाच्या एसएमएसपर्यंत

आष्ट्याच्या एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वारणा. या दोन नद्यांमधल्या काळ्या रानात ऊस हेच मुख्य पीक. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला की पेठ-सांगली रस्त्यावर डबल ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. जवळ कारंदवाडीला राजारामबापू पाटील सहकारी साखर कारखान्याचे युनिट, साखराळ्याला त्याचा मूळ कारखाना आणि वाळव्याला हुतात्मा किसन अहीर कारखाना. या टापूत हंगामात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : टनेज किती पडलं?

त्याचे उत्तर आज खिशातल्या मोबाईलवर येते. गाडी काट्यावरून गेली की बहुतेक कारखान्यांकडून ऊस उत्पादकाला एसएमएस जातो. त्यात तारीख, खेप आणि वजन असते. दोन ओळींचा हा मजकूर वाचायला क्षणही लागत नाही. पण तो इथवर आला तो कागदी चिठ्ठी, गावातला संगणक आणि मग फोन अशा वळणांनी. त्यातले सर्वांत महत्त्वाचे वळण आष्ट्याहून फार लांब नाही. ते वारणेच्या खोऱ्यातच आहे.

आधी मूळपुरुषाबद्दल, म्हणजे कागदाच्या चिठ्ठीबद्दल. उसाचा सगळा व्यवहार नोंदीपासून सुरू होतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, लागण कुठल्या तारखेची, जात कुठली, क्षेत्र किती, हे कारखान्याच्या गट ऑफिसच्या वहीत चढते. त्या क्रमाने तोडणीचा कार्यक्रम लागतो आणि पाळी आली की तोड मिळते. फडात टोळी उतरली की चिटबॉय येतो. गाडी भरली की तो चिठ्ठी फाडून गाडीवानाच्या हाती देतो. चिठ्ठीवर शेतकऱ्याचे नाव, गट, गाडीचा नंबर आणि टोळीचा क्रमांक. कारखान्यावर आधी भरलेल्या गाडीचे वजन होते, ऊस उतरवल्यावर रिकाम्या गाडीचे. दोन्हींतला फरक म्हणजे निव्वळ वजन. तो आकडा पावतीवर चढतो आणि पावती उलट्या वाटेने गावाकडे निघते.

ही उलटी वाट लांबची होती. गाडीवान दुसऱ्या गावच्या फडावर गेला, पावती गट ऑफिसात पडून राहिली, कार्बनची प्रत पुसट निघाली, असे काहीही होऊ शकत होते. त्यामुळे आपल्या उसाचे वजन शेतकऱ्याला दोन-चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा कळायचे. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 प्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि त्या हिशेबाचा पाया वजन हाच असतो. वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष राबून वाढवलेल्या पिकाचा शेवटचा आकडा वेळेवर कळावा, ही अपेक्षा अगदी साधी होती.

या अपेक्षेला पहिला यांत्रिक आधार मिळाला तो ध्यानीमनी नसताना. 1998 साली केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. त्याच सुमारास ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प वारणानगरला आला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी संकुलात साखर कारखाना, दूध संघ, बझार आणि शिक्षणसंस्था होत्या, आणि कारखान्याकडे संगणकांची जाणही होती. प्रकल्पाचा निम्मा खर्च केंद्राने, 40 टक्के राज्याने आणि 10 टक्के वारणा समूहाने उचलला. तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सांभाळली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे 70 गावांसाठी 54 संगणक केंद्रे उभी राहिली.

बेत मोठा होता. गावातल्या केंद्रावर शेतकऱ्याने पीकसल्ला घ्यावा, बाजारभाव पाहावेत, सरकारी योजनांची माहिती आणि दाखले मिळवावेत, पोरांनी इंटरनेट शिकावे. देशभरातून आणि परदेशांतूनही अभ्यासक हा प्रयोग पाहायला येऊन गेले. प्रत्यक्षात त्या संगणकांना गावाने एकच काम लावले, ते उसाचे. नोंद करायची, तोडीची पाळी पाहायची, खताचा हिशेब पाहायचा आणि कारखान्यावर किती वजन भरले ते विचारायचे. सगळ्या जगाची माहिती देण्यासाठी बसवलेले यंत्र गट ऑफिसची वही होऊन बसले.

कागदावरच्या बेताशी ताडून पाहिले तर हा प्रकल्प फसला असेच कोणी म्हणेल. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्यात मोठे शहाणपण दिसते. बाजारभाव त्याच्या फारसा कामाचा नव्हता, कारण ऊस बाजारात जात नाही, कारखान्याला जातो. पीकसल्ला शेतकी खात्याचा माणूस बांधावर येऊन देत होता. जी माहिती दुसरीकडे कुठे मिळत नव्हती आणि जिच्यावर घरचा पैसा अवलंबून होता, तेवढीच त्याने संगणकाकडे मागितली. यंत्राचे काम काय, हे यंत्र देणाऱ्याने नाही तर वापरणाऱ्याने ठरवले.

हे नेमके हेरले ते बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियामधल्या संशोधकांनी. राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी केंद्रांवर बसून, शेतकऱ्यांशी आणि संगणक चालवणाऱ्यांशी बोलून कोण काय विचारते हे पाहिले. त्यांच्या ध्यानात आले की होणारी देवाणघेवाण फार तर दोन-चार शब्दांची आणि आकड्यांची आहे. तेवढ्यासाठी गावागावात संगणक ठेवायचा, तो दुरुस्त करत राहायचा, भारनियमनात विजेची वाट पाहायची आणि टेलिफोनच्या तारेवरून आकडे पाठवायचे, हा खर्च आणि खटाटोप कामाच्या मानाने जास्त होता. तोवर गावात मोबाईल पोचले होते.

म्हणून त्यांनी सात गावांत आठ महिने एक वेगळा प्रयोग केला. कारखान्यावरच्या संगणकाला एक मोबाईल जोडला. गावातून ठरावीक शब्द आणि शेतकऱ्याचा क्रमांक एसएमएसने यायचा, संगणक हिशेबाच्या नोंदीतून उत्तर काढायचा आणि त्याच मोबाईलवरून परत पाठवायचा. गावातल्या संगणकावर होणारे उसाचे सगळे काम या व्यवस्थेने निभावले, खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांना ती अधिक सोयीची वाटली. प्रयोगाला नाव दिले ‘वारणा अनवायर्ड’. काही वर्षे आधी तारांनी जोडलेल्या गावांच्या तारा सुटल्या. या कामावरचा शोधनिबंध 2007 साली आला.

वापरणाऱ्यानेच साधनाचे काम ठरवावे, असे दूर केनियातही घडले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तिथे ‘एम-पेसा’ ही मोबाईलवरची पैशांची सेवा सुरू झाली. तिची सुरुवातीची चाचणी छोट्या कर्जांचे हप्ते मोबाईलवरून भरता यावेत यासाठी होती. लोकांनी मात्र तिच्यावरून एकमेकांना पैसे पाठवायला सुरुवात केली. मग कंपनीने शहरातून गावी पैसे पाठवायचे साधन म्हणूनच ती बाजारात आणली. वारणेचा शेतकरी आणि नैरोबीतला मजूर यांची कधी गाठ पडली नाही, पण हातातल्या साधनाला दोघांनीही सारखेच वागवले.

वारणेच्या प्रयोगात शेतकऱ्याने विचारायचे आणि कारखान्याने सांगायचे, असा क्रम होता. पुढे एसएमएस स्वस्त झाले, काटे इलेक्ट्रॉनिक झाले आणि संगणकाला जोडले गेले. तेव्हा विचारायची गरजच उरली नाही. काट्यावर आकडा पडला की संदेश आपसूक निघू लागला.

हा संदेश इतका तुटक का असतो, यालाही कारण आहे. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीतली 160 अक्षरे मावतात, देवनागरीची मात्र 70च. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि पायमोड प्रत्येकी एकेक जागा खातात. ‘क्षेत्र’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण एसएमएसच्या हिशेबात त्याला सात जागा लागतात. 70च्या पुढे मजकूर गेला की त्याचे दोन संदेश धरले जातात आणि पैसेही दोनाचे पडतात. हजारो शेतकरी आणि हंगामातल्या खेपांवर खेपा धरल्या तर हा फरक मोठा होतो. शिवाय जुन्या स्वस्त हँडसेटवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. म्हणून कुठे रोमन लिपीत मराठी लिहिले गेले, कुठे शब्द छाटून फक्त खेप, गट आणि वजन ठेवले.

नको असलेल्या जाहिरातींच्या संदेशांना आळा घालण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2018 साली नवे नियम केले. तेव्हापासून असे संदेश पाठवणाऱ्या संस्थेला आपले नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. साच्यातले शब्द पक्के, बदलणाऱ्या आकड्यांसाठी तेवढ्या मोकळ्या जागा. छापील चिठ्ठीत चिटबॉय ज्या रिकाम्या रेघा भरत असे, त्याच रेघा इथे पुन्हा आल्या आहेत. आता त्या संगणक भरतो. व्यवहाराच्या संदेशांना वेळेचे बंधन नसते आणि कारखाना चोवीस तास चालतो, त्यामुळे रात्री दोनला काट्यावर गेलेल्या गाडीचे वजन रात्री दोनलाच घरात पोचू शकते.

संदेश आल्यावर घरोघर त्याला आणखी कामे लागली. सभासदत्व आजोबांच्या किंवा आईच्या नावावर आणि नंबर शिकणाऱ्या नातवाचा, असे अनेक घरांत असते. मग नातू तो संदेश घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या भावाला आपल्या वाटणीच्या रानातला ऊस गेल्याचे तिथे बसून कळते. वहीऐवजी हंगामाचे सगळे संदेश फोनमध्ये जपून ठेवणारे आणि बिल हाती आल्यावर त्यांची बेरीज करणारे शेतकरी पुष्कळ आहेत. बातमी देण्यासाठी आलेल्या संदेशाला त्यांनी पुरावा केले.

तरी एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. एसएमएस काट्यावरचा आकडा लवकर सांगतो, तो आकडा खरा असल्याची हमी देत नाही. काटामारीची तक्रार ऊसपट्ट्यात जुनी आहे, आणि राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने काट्यांच्या पारदर्शकतेची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली आहे. ते काम वैधमापन खात्याच्या तपासणीचे आणि संघटित शेतकऱ्याचे आहे. संदेशाचा उपयोग इतकाच, पण तो छोटा नाही : आकडा त्याच दिवशी हाती आला तर शंका त्याच दिवशी विचारता येते.

आता नोंदही फोनवर आली आहे. राज्याच्या साखर आयुक्तालयाने 2022 साली ‘महा-ऊसनोंदणी’ हे अॅप आणले. लागणीची माहिती त्यात शेतकरी स्वतः भरू शकतो. कारखान्यांचे कर्मचारी जीपीएसने क्षेत्र मोजू लागले आहेत. गट ऑफिसची वही, चिठ्ठी आणि पावती अशी तिन्ही कामे आता एकाच फोनवर आली आहेत.

तेव्हा हंगाम तोंडावर आला असेल, तर ऊस उत्पादकाने आपला चालू मोबाईल नंबर गट ऑफिसात नोंदवलेला आहे ना, हे एकदा जाऊन पाहावे. सिमकार्ड बदलले असेल तर तो दुरुस्त करून घ्यावा. तोड सुरू झाल्यावर प्रत्येक खेपेचा संदेश कागदी पावतीशी पडताळावा, बिल जमा होईपर्यंत दोन्ही जपून ठेवावेत आणि आकड्यात फरक दिसला तर लेखी तक्रार त्याच आठवड्यात द्यावी.