टॉवर लोकेशन
* लेखकाने ‘फोन त्या गल्लीतच होता’ असे छातीठोकपणे लिहिले आहे. नुसत्या टॉवरवरून इतकी खात्री देता येत नाही. संभाषण सुरू होताना आणि संपताना फोन कोणत्या ‘सेल’शी जोडलेला होता, एवढेच मोबाइल कंपनीच्या सीडीआरमधून (कॉलच्या तपशीलवार नोंदींतून) कळते. एका टॉवरवर बहुधा तीन दिशांना तोंड करून अँटेना बसवलेले असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२० अंशांचा पट्टा येतो; हाच तो ‘सेल’. दाट वस्तीत हा पट्टा काहीशे मीटरांत संपतो, माळरानावर कित्येक किलोमीटर पसरतो. शिवाय फोन जवळचाच टॉवर धरेल असेही नाही. तलावापलीकडचा, डोंगरावरचा टॉवरही तो खुशाल धरतो. उलटतपासणीत बचावाचे वकील नेमके इथेच बोट ठेवतात. जीएसएम यंत्रणेत संदेशाला लागणाऱ्या वेळेवरून टॉवरपासूनचे अंतर काढता येते, पण तेही सुमारे ५५० मीटरांच्या टप्प्यांत. जीपीएसचे तंत्र निराळे: त्यात फोन स्वतःच निदान चार उपग्रहांचे संदेश टिपून आपली जागा काढतो आणि उघड्या आभाळाखाली ती काही मीटरांपर्यंत बरोबर येते. प्रस्तुत प्रकरणातील नोंदी टॉवरच्याच आहेत. — संपादक