संगणकावरील उड्डाण : अंतिम टप्प्यातील उंची आणि अंतर

संगणकावर विमान उडविणाऱ्या हौशी मंडळींची खरी कसोटी लागते ती विमान उतरविताना. धावपट्टी समोर दिसत असते. पण विमान एक तर फार उंच असते, नाही तर फार खाली. दोष बहुधा हाताचा नसतो. किती अंतरावर किती उंची हवी, हे आधी ठरविलेले नसते.

प्रवासी विमाने शेवटच्या टप्प्यात साधारणतः ३ अंशांच्या उताराने खाली येतात. या उतारावर प्रत्येक सागरी मैलामागे सुमारे ३१८ फूट उंची कमी होते. तोंडी हिशेबासाठी ३०० फूट धरावेत. म्हणजे १० मैलांवर ३,००० फूट, ५ मैलांवर १,५०० फूट.

हा हिशेब सोपा आहे; घोटाळा होतो तो आकडा कशापासून मोजायचा यात. वरील उंची धावपट्टीपासूनची आहे, उंचीमापक मात्र समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवितो. मुंबईत हा फरक नगण्य. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर आहे. तेथे १० मैलांवर काट्यावर ४,९४० फूट हवेत. मुंबईच्या सवयीने ३,००० फूट ठेवल्यास विमान धावपट्टीपेक्षा जेमतेम हजार फूट उंच असेल, आणि ही उंची साडेतीन मैलांवरची आहे. उंचीमापकात स्थानिक हवेचा दाब भरणेही आवश्यक. एका हेक्टोपास्कलची चूक सुमारे ३० फुटांना पडते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ‘बी’ ही कळ दाबली की हे काम होते. खऱ्या वैमानिकाला ही चैन नाही!

अंतराचेही तसेच. पडद्यावरील आकडा धावपट्टीच्या टोकापासूनचा असेलच असे नाही. तो विमानतळाच्या मध्यबिंदूपासून किंवा डीएमई यंत्रापासून मोजलेला असू शकतो. लांब धावपट्टीवर यामुळे मैलभराचा फरक सहज पडतो.

खाली येण्याचा वेग काढण्यासाठी जमिनीसापेक्ष वेगाला (नॉटमध्ये) ५ ने गुणावे. १४० नॉटला मिनिटाला ७०० फूट. समोरून वारा असेल तर जमिनीसापेक्ष वेग घटतो, म्हणून हा आकडाही कमी ठेवावा लागतो.

उताराचा कोन आणि उतरण्याचा वेग या दोन भिन्न गोष्टी आहेत. २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला उतरू पाहणारे एअर इंटर कंपनीचे ए-३२० विमान डोंगरावर आदळून ८७ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकांना ३.३ अंशांचा उतार हवा होता, परंतु यंत्रणा वेगाच्या स्थितीत राहिल्याने ‘३३’ या आकड्याचा अर्थ मिनिटाला ३,३०० फूट असा झाला असावा, ही शक्यता तपासात प्रबळ ठरली. त्या उतारासाठी ८०० फुटांच्या आसपासचा वेग पुरेसा होता. पुढे एअरबसने वेगाचा आकडा पूर्ण चार अंकांत दाखविण्यास सुरुवात केली. सिम्युलेटरमधील ए-३२० वरही बटण दाबण्यापूर्वी कोणती स्थिती निवडली आहे, हे पाहावे.

आयएलएसचा उतारदर्शक संकेत नेहमी खालून पकडावा. वरच्या बाजूस अधिक तीव्र कोनाचे फसवे संकेत मिळतात. त्यासाठी १० ते १२ मैलांवर उंची स्थिर करून वेग कमी करावा. चाके आणि फ्लॅप्स वेळेत उघडावेत. धावपट्टीपासून १,००० फुटांवर वेग, दिशा आणि उतार जुळलेले नसतील, तर पुन्हा वर जाऊन नव्याने फेरी घ्यावी.